पप्पांच्या नावावर घेतलेलं इंजिन

आमच्या कंपनीत आता इंजिन उरलेलं नाही. चाकणच्या ज्या शेडमध्ये मी बसते तिथे बॅटरीवरच्या दुचाक्या बनतात आणि लाइनवर इतकी शांतता असते की कुणी शिंकलं तरी चार माणसं माना वर करतात. नव्याने लागलेली पोरं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर रेसच्या गाड्या बघत बसतात. परवा त्यांच्यात वाद रंगला होता: नियम, पैसा, काही म्हणजे काही आडवं येणार नाही असं धरलं, तर आपल्या रेसच्या गाडीला कोणतं इंजिन लावायचं? एकाला बारा सिलेंडरचं हवं होतं, दुसऱ्याला दहाचं, आणि दोघेही तोंडाने त्या इंजिनांचे आवाज काढून दाखवत होते. मध्येच एका पोरीने मला विचारलं, "मॅडम, तुमचं ड्रीम इंजिन कोणतं?" मी म्हटलं, "एक सिलेंडर." सगळी खो खो हसली. मॅडम विनोद करतात असं त्यांना वाटलं असणार. मीही हसले, डबा उचलला आणि हात धुवायला गेले. नळाखाली हात धरून बराच वेळ उभी होते. आता चाळिशी उलटून गेली, तरी ही गोष्ट आठवली की कानशिलं तापतात. लिहून टाकावी म्हणते, निदान एकदा तरी.

आम्ही तेव्हा निगडीजवळ यमुनानगरला दोन खोल्यांत राहत होतो. पप्पा उदगीरकडून तरुणपणी इकडे आले, दुचाक्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत हेल्पर म्हणून चिकटले आणि हळूहळू इंजिन टेस्टिंगला गेले. नवं इंजिन स्टँडवर चढवायचं, सुरू करायचं, ऐकायचं, आणि ठीक असेल तर पुढे सोडायचं, नसेल तर परत पाठवायचं, हे त्यांचं काम. वीस-बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. त्या आवाजात त्यांचा डावा कान पार गेला. उजवा शाबूत होता, पण टीव्ही लावला की शेजारच्या बिल्डिंगला बातम्या कळायच्या. गंमत म्हणजे माणसाचं बोलणं अर्धं सुटायचं आणि यंत्राचं काहीच सुटायचं नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे की कुठे काय खटकतंय. आई घरी ब्लाउज शिवायची. ती मशिनवर बसली की पप्पा आतल्या खोलीतून ओरडायचे, "अगं, तेल दे तिला, कोरडी चालायलीय." आई म्हणायची, "मी दहादा हाक मारते ती ऐकू येत नाही, आणि मशिनचं बरं ऐकू येतं!" पप्पा नेमकं हे वाक्य न ऐकल्यासारखं करायचे.

एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्यामुळे सगळ्या जगाचा रविवार आमच्याकडे गुरुवारी यायचा. सकाळी आई सुशीला करायची, मुरमुरे भिजवून, वर शेंगदाण्याचा कूट आणि कोथिंबीर. दुपारी येसराची आमटी आणि भाकरी. पप्पा दाढी करायचे, कपडे इस्त्री करायचे आणि मग जायला कुठलीच जागा नसल्यामुळे गॅलरीत उभे राहून खालून जाणाऱ्या गाड्यांचे रोग ओळखत बसायचे. मला मात्र खरा रविवार आवडायचा. रविवारी सकाळी लोणावळ्याकडे जाणाऱ्या महागड्या मोटरसायकलींचा घोळका जुन्या हायवेवरून जायचा. चार सिलेंडरच्या त्या गाड्या चौकातून सुटल्या की आवाज असा चढत जायचा की माझ्या अंगावर काटा यायचा. दूध आणायच्या निमित्ताने मी पिशवी घेऊन तिथे उभी राहायची. दूध उशिरा आलं म्हणून किती वेळा बोलणी खाल्ली असतील त्याची गणती नाही.

इंजिनिअरिंगला गेले तेव्हा कॉलेजात रेसगाडीची टीम होती. विद्यार्थ्यांनी स्वतः एक माणूस बसेल अशी छोटी रेसगाडी बनवायची आणि दुसऱ्या राज्यातल्या ट्रॅकवर जाऊन बाकीच्या कॉलेजांशी स्पर्धा करायची. मी तिसऱ्या वर्षाला असताना टीमच्या इंजिन विभागात घुसले. घुसले हाच शब्द बरोबर आहे. वीस पोरांत मी एकटी, आणि पहिले चार महिने माझ्याकडे फक्त रिपोर्ट टाइप करायचं काम होतं. कॅप्टन अनिकेत वाईट मुलगा नव्हता, पण मी काही बोलले की तो "हं, बघू" म्हणायचा आणि तेच वाक्य एखाद्या पोराने म्हटलं की फळ्यावर लिहायचा.

मग एका गुरुवारी टीमची जुनी गाडी सुरूच होईना म्हणून मी पप्पांना वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, आणि पाच मिनिटांत दोष काढून दिला. पोरं बघतच राहिली. आमचे पाटणकर सर टीमचे मार्गदर्शक होते, ते पुढे आले आणि म्हणाले, "कांबळे साहेब, दर गुरुवारी येत चला. या पोरांना पुस्तक पाठ आहे, इंजिन माहीत नाही." पप्पांना आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. परत येताना त्यांनी स्कूटर इतकी हळू चालवली की सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते. त्यानंतर गुरुवारला अर्थ आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, फरशीवर खडूने इंजिन काढून पप्पा शिकवायचे आणि पोरं "काका, काका" करत भोवती बसायची. सर एकदा चहा पिताना म्हणाले होते, "रिटायर झालात की इकडेच या. वर्कशॉपला इन्स्ट्रक्टर हवाच आहे, मी शब्द टाकतो." घरी येऊन पप्पांनी हे आईला तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना आई ते पहिल्यांदाच ऐकतेय असं धरून सांगितलं.

नवी गाडी बनवायची ठरली आणि इंजिन निवडायची वेळ आली. मार्ग दोन. चाकणलाच बनणारं एका सिलेंडरचं इंजिन घ्यायचं, किंवा अपघातात मोडलेल्या परदेशी मोटरसायकलचं चार सिलेंडरचं आणायचं. माझा जीव कशात होता ते सांगायला नको. पप्पांना विचारलं तेव्हा ते जेवत होते. म्हणाले, "एकच घ्या. नियम काय हाय तुमचा? इंजिनानं रुपयाएवढ्या भोकातनंच हवा ओढायची. नाक एवढंसं, मग चार फुप्फुसं कशाला पाहिजेत? हलकं, साधं, पार्ट इथंच मिळतेत." मी तोंड वाकडं केलं. तेव्हा त्यांनी आमटीचं पसरट ताट पुढे ओढलं. "हे बघ. मोटरसायकल वळणावर झुकते, म्हणून तिच्या पोटातलं तेल जागेवर ऱ्हातं. तुमची गाडी झुकणार न्हाई." आणि ताट एका झटक्यात बाजूला सरकवलं. आमटी कडेवरून थेट आईच्या पदरावर गेली. "असं तेल कडेला पळतंय, आणि पंप ओढतोय नुसती हवा. दोन मिनिटांत बेअरिंग जळतंय. एका सिलेंडरचं तेलाचं चेंबर खोल असतंय, ते निभावतंय. चारवाल्याचं हे असं ताटावाणी." आईने आम्हा दोघांनाही पदर दाखवून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

हे सगळं मला कळलं होतं. न कळायला मी काही मठ्ठ नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे केलं ते अज्ञानाने केलं असं कुणाला वाटायला नको.

निर्णयाची मीटिंग सोमवारी होती, म्हणजे पप्पा कामावर. दोन्ही बाजूंनी बोलून झालं. मी चार सिलेंडरच्या बाजूने बोलले, चांगली तयारी करून बोलले, आणि अनिकेत म्हणाला, "हं, बघू." सरांचा कल एकाकडे होता. ते फळा पुसायला वळले आणि सहज म्हणाले, "सुजाता, तुझे वडील काय म्हणतात?"  सगळे माझ्याकडे बघत होते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, "पप्पापण चारच म्हणाले." सरांनी डस्टर खाली ठेवलं. "मग प्रश्नच मिटला. बावीस वर्षांचा कान आहे त्यांचा." अनिकेतने फळ्यावर चार लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शब्दाला वजन नव्हतं म्हणून मी पप्पांचा शब्द उचलला, आणि तोही उलटा करून. त्या क्षणी मला लाज वाटली का? नाही. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता.

घरी येऊन दुसरं खोटं बोलले. "पप्पा, मी एकच म्हणत होते, पण मतदान झालं आणि चार ठरलं." ते म्हणाले, "लोकशाही हाय. बहुमत मान्य करायचं. पण मग त्या चेंबरमधी आडव्या पट्ट्या मारायला सांग. तेल पळायला नको. पुढच्या गुरुवारी मी माप काढून देतो." आता गुरुवारी ते आले असते तर दोन वाक्यांत माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून तिसरं खोटं, की परीक्षा आहेत, वर्कशॉप बंद आहे. टीमला सांगितलं, पप्पांची लाइन चाकणला हलवली, कंपनीच्या बसमध्ये दीड-दीड तास जातो, दमतात बिचारे. यातला लाइन हलवल्याचा भाग खरा होता, त्यामुळे बाकीचं खपून गेलं. पहिल्या गुरुवारी पप्पांनी सवयीने शर्टाला इस्त्री केली होती. मी परीक्षेचं सांगितल्यावर त्यांनी तो पुन्हा हँगरला लावला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पट्ट्यांचं मी टीममध्ये काढलं, अगदीच काढलं नाही असं नाही. इंजिन बाकावर उघडं होतं, आता करायला सोपं होतं. अनिकेतने विचारलं, "काकांनी सांगितलंय का?" इथे हो म्हणणं खरं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पप्पांचं नाव घ्यायचा मला हक्क होता. पण हो म्हटलं असतं तर त्याने मापं विचारायला लगेच फोन लावला असता. मोबाइल त्याच्या हातातच होता. मी म्हटलं, "नाही रे, मला आपलं वाटलं." तो म्हणाला, "मग राहू दे. उगाच वजन वाढेल." चेंबर बंद झालं. बोल्ट मीच आवळले.

गाडी सुरू झाली तेव्हाचा आवाज अजून कानात आहे. कॉलेजच्या मैदानावर सरळ रेषेत ती बाणासारखी जायची आणि हॉस्टेलची पोरं खिडक्यांतून शिट्ट्या मारायची. पप्पांना ती दाखवायला मी कधीच नेलं नाही. स्पर्धेतली शेवटची शर्यत लांब पल्ल्याची होती आणि ट्रॅक सगळा वळणांचा. सहाव्या फेरीला डावीकडचं लांब वळण घेताना आवाज बदलला. मी कुंपणाला धरून उभी होते. आधी बारीक टकटक, मग ठोके, मग गाडी जागेवर गच्च. माझा कानही शेवटी पप्पांचाच. मला पहिल्या टकटकीलाच कळलं होतं काय झालंय ते.

परत आल्यावर सरांनी मला न विचारता पप्पांना फोन लावला. येत्या गुरुवारी या, इंजिन तुमच्या हातानेच उघडू. पप्पा खूश झाले. बॅगेत आपले पाने भरले, आईला म्हणाले, "बोलावलंय." त्या तीन दिवसांत त्यांना खरं सांगायला मला बक्कळ वेळ होता. मी अभ्यास करत असल्याचं नाटक करत बसले.

वर्कशॉपमध्ये सगळी टीम गोलाकार उभी होती. मी रॉकेलचा ट्रे धरला होता. पप्पांनी चेंबर उतरवलं, आत नजर टाकली, पट्ट्या नाहीत हे बघितलं आणि एकदा माझ्याकडे बघितलं.  मग कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग काढून तळहातावर घेतलं. ते काळं पडलं होतं आणि कडेने तांबडं निघालं होतं. "ह्याला तेल मिळालं न्हाई," ते म्हणाले. सर अवघडून पुढे झाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "कांबळे साहेब, राग मानू नका, पण चार सिलेंडर घ्या असं तुम्हीच सुचवलंत ना? सुजाताने सांगितलं, तुमचाच सल्ला आहे म्हणून. आम्ही त्यावरच ठरवलं."

पप्पांनी हे ऐकलं. सर त्यांच्या उजव्या बाजूला होते. त्यांनी ते बेअरिंग एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी ट्रे धरून उभी, आणि मनात एवढंच की आता पप्पा खरं सांगणार, आता सांगणार. त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं आज वाटतं.

"व्हय," ते म्हणाले. "माझंच चुकलं, सर. मोटरसायकल झुकते, गाडी झुकत न्हाई. हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं."

आमटीच्या ताटावर मला शिकवलेलं वाक्य त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं.  मागून एक पोरगा पुटपुटला, "टेस्टिंगच्या स्टँडवर वळण कुठे असतं म्हणा," आणि दोघं-तिघं हसू दाबायला लागली. अनिकेतने पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या काका, होतं असं." विशीतल्या पोराने माझ्या बापाची समजूत काढली, आणि पप्पांनी मान डोलावली. मी तोंड उघडलं नाही. एक वाक्य बोलायचं होतं, "मी खोटं बोलले," एवढंच. रॉकेलचा ट्रे मी खाली ठेवला, एवढंच काय ते केलं. पप्पांनी पाने पुसून एकेक बॅगेत भरले. सर गेटपर्यंत आले नाहीत. इन्स्ट्रक्टरचा विषय त्या दिवसानंतर कुणी काढला नाही, आणि पप्पाही कॉलेजात कधी आले नाहीत.

स्कूटरवर मागे बसून मी म्हटलं, "पप्पा, माझी चूक झाली." हे लिहिताना वाचणाऱ्याला वाटेल, चला, म्हणाली तरी पोरगी. तर तसं नाही. मी ते त्यांच्या डाव्या कानाशी म्हटलं. मुद्दाम. माफी मागून व्हावी आणि त्यांना ऐकूही येऊ नये, असा तो हिशेब होता. ते समोर बघून गाडी चालवत राहिले.

घरी आईने विचारलं, "काय निघालं?" मी चप्पल काढत दारातच थांबले. वाटलं, इथे तरी ते खरं बोलतील, बायकोला तरी सांगतील. पप्पा बॅग कोपऱ्यात ठेवत म्हणाले, "पोरांनी गाडी लई चांगली बनवली होती. मीच चुकीचं सांगून बसलो." आई म्हणाली, "तुम्ही? इंजिनात?" ते म्हणाले, "व्हतंय की. माणूसच हाय." मग आईने आणखी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात तेच खरं झालं. पाहुणे आले की आई चेष्टेने म्हणायची, "यांना काय विचारता, यांनी कॉलेजाचं इंजिन जाळलंय," आणि पप्पा हसायचे. मला नोकरी लागली ती त्या टीमच्या अनुभवावर लागली. मुलाखतीत मला विचारलं, अपयशातून काय शिकलात, आणि मी तेलाच्या चेंबरवर छान दहा मिनिटं बोलले.

अधूनमधून मी ठरवायची, की या गुरुवारी बोलायचं. त्यांच्या उजव्या बाजूला बसायची, चहा द्यायची, आणि भलतंच काहीतरी काढायची. एकदा ते स्वतःच म्हणाले, "काही बोलायचंय का बाळा?" मी म्हटलं, "नाही, काही नाही." त्यांनी दोन क्षण वाट बघितली आणि पेपर उघडला.

गेल्या वर्षी पप्पा गेले. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, कंपनीतले जुने लोक चार शब्द बोलले, आणि मग मागून अनिकेत उठला. केस पिकलेत त्याचे आता. कुठूनतरी कळलं म्हणून लांबून आला होता. त्याने माइक घेतला आणि ती गोष्ट सांगितली, सगळी, इंजिन उघडल्यापासून. म्हणाला, "मी आज दोनशे माणसं सांभाळतो. रोज बघतो, चूक झाली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. वीस पोरांसमोर 'माझंच चुकलं' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. काकांनी आम्हाला इंजिन शिकवलं की नाही माहीत नाही, पण चूक कशी कबूल करायची ते शिकवलं." लोक माना डोलावत होते. पहिल्या रांगेत आई पदराने डोळे पुसत होती आणि तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. मग कुणीतरी माझ्या नावाचा पुकारा केला, कुटुंबाच्या वतीने दोन शब्द बोला म्हणून. मी उठले, माइक हातात घेतला, सगळ्यांचे आभार मानले, आणि आईशेजारी जाऊन बसले.